सणाच्या जेवणांच्या सीझनमध्ये किचनचा वजनकाटा वापरून बघितला, त्याचा रिव्ह्यू (लांबलाय, आधीच सांगतो)

तर मी घेतलाय तो साधा डिजिटल किचन वजनकाटा, 5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा. ब्लूटूथ नाही, ॲप नाही, वर काचेची प्लेट आणि खाली दोन बटणं, बस. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण या टाइपचे सगळे काटे आतून साधारण सारखेच असतात आणि मला जे सांगायचंय ते कंपनीबद्दल कमी आणि वापराबद्दल जास्त आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. सात महिन्यांत 6 किलो उतरवलेत, हळूहळू, कुठलंही क्रॅश डाएट न करता, आणि समोर सणांचा सीझन दिसायला लागल्यावर पोटात गोळा आला, कारण मागच्या वेळी अशाच सीझनमध्ये सगळं मुसळ केरात गेलं होतं. घरी स्वयंपाक मीच करतो, म्हणजे "बायको तेल जास्त घालते" ही सोय पण नाही. मग वाटलं की काटा घेऊ, सगळं मोजून खाऊ, सणाच्या दिवशी पण मोजून खाऊ, आकडे हातात असले की काय बिघडणार. या प्लॅनचा शेवटचा भाग किती येडपट होता ते पुढे येईलच.

आधी वस्तूबद्दल. पहिला पीस खराब निघाला. रिकामा असताना 0 दाखवायचा, भांडं ठेवलं की 212, उचलून परत ठेवलं की 219, पुन्हा 208. विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर काय आलं, "सर, भांडं हलकं वापरून बघा." तीन मेसेज आणि थोडी भांडाभांडी झाल्यावर बदलून दिला. दुसरा पीस नीट आहे. तुम्ही घेतलात तर पहिल्याच दिवशी ही टेस्ट करा: रिकामं भांडं ठेवून शून्य करा आणि त्यात मापून 500 मिली पाणी ओता, 500 ग्रॅमच्या एकदोन टक्के इकडेतिकडे आलं तर ठीक. आणि तीच वस्तू मधोमध आणि मग कडेला ठेवून बघा, आकडा बदलायला नको.

आत एक छोटी धातूची पट्टी असते, तिला लोड सेल म्हणतात, वजनाने ती अगदी किंचित वाकते आणि त्या वाकण्याचं इलेक्ट्रॉनिक माप घेऊन आकडा तयार होतो. म्हणून खालचा ओटा सपाट हवा. मी दोन दिवस ओट्यावरच्या फडक्यावर ठेवून मोजत होतो आणि मग आकडे विचित्र येतात म्हणून कुरकुरत होतो, चूक माझीच.

टेअर बटण मात्र सोनं आहे. भांडं ठेवा, बटण दाबा, शून्य, एक गोष्ट टाका, परत दाबा, परत शून्य, दुसरी टाका. आणि सगळ्यात भारी ट्रिक उलटी आहे, तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, मग बाटली उचलून पॅनमध्ये तेल ओतायचं आणि बाटली परत ठेवायची, स्क्रीनवर उणे 14 आलं म्हणजे 14 ग्रॅम तेल गेलं. चमचे घाण नाहीत, काही नाही. लोण्याच्या डब्याला, जॅमच्या बरणीला पण हेच चालतं.

तक्रारी दोन. एक म्हणजे दोन मिनिटं काही हलवलं नाही की स्वतःहून बंद होतो आणि शून्य विसरतो, म्हणजे तुम्ही कांदा चिरायला गेलात की आधीचं सगळं गेलं. दुसरी जास्त गमतीची आहे, अगदी थोडं थोडं टाकलं तर त्याला कळतच नाही. साखर चिमटीचिमटीने टाकत होतो तर स्क्रीन 0 वरच, आणि मी खूश की वा, किती कमी लागते साखर. मग भांडं उचलून ठेवलं तर 6 ग्रॅम. स्वस्त काटे शून्याच्या आसपासचा बारीक फरक हा स्वतःच्याच मापातला दोष समजून स्क्रीनवर दाखवत नाहीत म्हणून असं होतं. मिली मोडबद्दल पण एक. तो पाणी धरून हिशोब करतो, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं (100 मिली तेल साधारण 92 ग्रॅम भरतं), तेव्हा तेलाला मिली मोड वापरू नका, ग्रॅमच बघा.

आता खरी गोष्ट. काटा आल्यानंतरचा पहिला आठवडा म्हणजे अपमानाचा आठवडा होता.

मी फोनवरच्या कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये रोज "तेल 1 चमचा" लिहायचो, ॲप त्याचे 5 ग्रॅमच्या आत धरून 40-45 कॅलरी लावायचं. काट्यावर माझा "एक चमचा" निघाला 14 ग्रॅम. एक ग्रॅम फॅट म्हणजे 9 कॅलरी, तर झाले 126. दिवसातून तीनदा असं ओततो, घरात आम्ही तिघं खाणारे, म्हणजे नुसत्या तेलातून माझ्या एकट्याच्या वाट्याला रोज 80 कॅलरी अशा येत होत्या ज्या माझ्या वहीत कुठेच नव्हत्या. आणि मी महिनाभर डोकं खाजवत होतो की वजन अडकलंय का!

मग बदाम. डाएटवर असलेला माणूस बदाम अभिमानाने खातो, मी पण खायचो, "मूठभर". पाकिटावर एका वेळचं प्रमाण 30 ग्रॅम. माझी मूठ 52 ग्रॅमची निघाली. 100 ग्रॅम बदामात 580च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे माझी मूठ 300ची, आणि सणाच्या घरी जेवण वाढायच्या आधी गप्पा मारत टेबलावरच्या वाटीतून अशा किती मुठी जातात ते आठवून मी काटा बंद केला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कच्चं आणि शिजलेलं हा घोळ पण काट्यानेच सोडवला. तांदूळ असो, पास्ता असो, शिजताना पाणी पितो आणि वजन वाढतं, तांदळाचं तर अडीच-तीन पट होतं. कच्च्या 100 ग्रॅम तांदळात 350-360 कॅलरी, शिजलेल्या 100 ग्रॅममध्ये 130च्या आसपास. मी शिजलेलं मोजून कच्च्याचा आकडा लावत होतो आणि उगाच उपाशी राहत होतो. म्हणजे तेलाच्या बाबतीत स्वतःला फसवून जास्त खात होतो आणि भाताच्या बाबतीत स्वतःला फसवून कमी, आणि दोन्हीकडे प्रामाणिकपणे वहीत लिहीत होतो.

हे 4-9-4चं गणित (कार्ब आणि प्रोटीनचे ग्रॅममागे 4, फॅटचे 9, आणि दारू घेणाऱ्यांसाठी अल्कोहोलचे 7) 19 व्या शतकाच्या शेवटी विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन केमिस्टने बसवलं, अजून पाकिटांवर तेच चालतं. ते सरासरीचं गणित आहे, तुमच्या ताटातल्या घासाचं नाही, पण 45 आणि 126 मधला फरक कळायला सरासरी पुरते.

तर तीन आठवडे मोजून मोजून मी एकदम तज्ज्ञ झालो आणि सणाच्या दिवशी मावशीकडे जेवायला जाताना काटा पिशवीत घातला. हो. बायको म्हणाली, "नको नेऊस." मी म्हणालो कोणाला कळणार आहे, किचनच्या कोपऱ्यात पटकन मोजीन. मावशीला अर्थातच दोन मिनिटांत कळलं.

"अरे हे काय आणलंस?"

"काही नाही गं, वजनकाटा आहे, जरा मोजून खातोय सध्या."

"मोजून? म्हणजे मी वाढलेलं मोजणार तू? सोनं घ्यायला आलायस का माझ्याकडे?"

मागून माझ्या मुलीचं हसू. मावशीने काटा उचलला आणि सरळ फ्रिजच्या वर ठेवला. आणि खरं सांगू का, बरं झालं. कारण काटा तिथे चाललाच नसता. एक तर दुसऱ्याच्या घरी शिजलेल्या पदार्थात काय किती पडलंय ते तुम्हाला माहीत नाही, 150 ग्रॅम आकडा दिसला तरी त्यात तेल 5 ग्रॅम आहे की 25 हे काटा सांगत नाही. आणि दुसरं म्हणजे ज्या बाईने दोन दिवस राबून केलंय तिच्यासमोर तिचं अन्न काट्यावर ठेवणं हा निव्वळ उद्धटपणा आहे, हे मला काटा फ्रिजवर गेल्यावर कळलं, आधी कळायला हवं होतं.

पण गंमत अशी की काटा वर फ्रिजवर आणि तरी उपयोगी पडला, कारण तोपर्यंत नजर तयार झाली होती. बदामाची वाटी फिरत आली तर हातात किती येतंय ते दिसत होतं. सात-आठ घेतले आणि वाटी पुढच्याकडे सरकवून खुर्ची टेबलापासून लांब नेली, हात पोचला की जातोच, मी माझ्या हाताला ओळखतो. गोड ड्रिंक घेतलं नाही, कारण 330 मिलीच्या कॅनमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि घरी एकदा मुलीला दाखवायला तेवढी साखर काट्यावर ओतून बघितली होती. ती छोटी टेकडी आठवली की ग्लासकडे बघवत नाही. साधं पाणी प्यायलो. त्या 140 कॅलरी मी मावशीच्या हातच्या गोडावर खर्च केल्या, ते वर्षातून एकदाच मिळतं, कॅन काय कधीही मिळतो. मला वाटतं सणाच्या जेवणात हा एवढाच हिशोब करावा, की हे दुसऱ्या कुठल्याही दिवशी मिळतं का? मिळत असेल तर आज नको.

आणि उपाशी पोटी गेलो नाही. आधीच्या वर्षी सकाळपासून काही न खाता जायचो, "जागा ठेवायची" म्हणून, आणि मग ताट समोर आल्यावर दहा मिनिटांत सगळं साफ. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं तरी धरा, तोपर्यंत भुकेला माणूस दुसरं ताट संपवून बसलेला असतो. यावेळी घरून सूप आणि अंडी खाऊन निघालो.

अजून एक गोष्ट, जी मला पूर्वी नुसती आपली हावरटपणाची लक्षणं वाटायची. पोट गच्च भरलेलं असतं, एक घास नको असतो, आणि गोड समोर आलं की अचानक जागा होते. याला शास्त्रात नाव आहे, "सेन्सरी-स्पेसिफिक सटायटी", म्हणजे त्या एकाच चवीपुरतं पोट भरणं, आणि बार्बरा रोल्स या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात यावर बरंच काम केलंय. एका चवीला माणूस कंटाळतो पण नवीन चवीला कंटाळलेला नसतो, म्हणून जितके पदार्थ जास्त तितकं एकूण खाणं जास्त. सणाच्या टेबलावर पंधरा पदार्थ असतात म्हणजे विचार करा. मी आधी ताट न घेता टेबलाभोवती एक चक्कर मारली, सगळं बघितलं, चार पदार्थ ठरवले, आणि ते चारच नीट वाढून घेतले. बाकीच्यांकडे बघून फक्त "वा" म्हणालो. आग्रहाचं काय? आग्रहाला मी सरळ नाही म्हणत नाही, "थांब जरा, हे संपू दे" म्हणतो. पाच मिनिटांत आग्रह करणारा दुसऱ्या बळीकडे गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या वजनकाट्यावर उभा राहिलो (हा वेगळा काटा, याचा रिव्ह्यू नाही, याच्यावर माझा राग आहे) तर 1.9 किलो वाढलेलं! पहिल्या क्षणी सगळं सोडून द्यावं असंच वाटलं. मग बसून गणित केलं. एक किलो चरबीला ढोबळमानाने 7700 कॅलरी, म्हणजे 1.9 किलो चरबी एका रात्रीत चढायला रोजच्या जेवणावर साडेचौदा हजार कॅलरी जास्तीच्या खायला हव्यात. मावशी प्रेमळ आहे पण एवढी नाही. तो सगळा खेळ पाण्याचा असतो. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, कार्ब जास्त गेले की ते ग्लायकोजन म्हणून साठतात आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतात, शिवाय पोटात कालचं अन्न आहेच की. पाचव्या दिवशी त्यातले 1.6 किलो आपोआप गेले. काहीही न करता, नुसतं नेहमीसारखं जेवून. उपास करून "भरपाई" करायला गेलो असतो तर संध्याकाळी बिस्किटांचा पुडा फोडला असता, हे अनुभवाने माहीत आहे.

पण राहिलेले 300 ग्रॅम कुठून आले ते मला पक्कं माहीत आहे, आणि ते सणाच्या दिवशी आले नाहीत. ते डब्यांतून आले. मावशीने निघताना चार डबे बांधून दिले, आणि पुढचे दोन दिवस मी फ्रिज उघडून उभ्या उभ्या, ताट न घेता, डब्यातून थेट खात होतो. "एक तुकडा." परत अर्ध्या तासाने "एक तुकडा." तिसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं, सगळे डबे ओट्यावर काढले, काट्यावर ठेवून गोडाचे 60-60 ग्रॅमचे भाग केले, छोट्या डब्यांत घालून फ्रीझरमध्ये टाकले आणि अर्धे शेजाऱ्यांना दिले. काट्याचा अख्ख्या सीझनमधला सगळ्यात चांगला उपयोग हाच झाला. म्हणजे ज्या दिवसासाठी घेतला त्या दिवशी फ्रिजवर पडून होता, आणि त्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे चार दिवस मात्र वसूल.

याला दुजोरा देणारं एक वाचलं होतं. 2000 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 195 मोठ्या माणसांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला होता, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या सुट्ट्यांच्या काळात त्यांचं वजन सरासरी 0.37 किलो वाढलं. लोकांना स्वतःला मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त वाढल्यासारखं वाटत होतं. ऐकायला 0.37 म्हणजे काहीच नाही, पण पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात ते उतरलं नाही, आणि असे दहा सीझन झाले की बघा. नंतर 2018 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या 272 लोकांचा प्रयोग आला, त्यात एका गटाला ख्रिसमसच्या काळात आठवड्यातून निदान दोनदा वजन करायला सांगितलं, थोड्या साध्या टिप्स दिल्या आणि कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल ते सांगितलं. दोन गटांत अर्ध्या किलोचा फरक पडला. अर्धा किलो! म्हणजे हा सगळा लढा खरं तर एवढ्याशा आकड्यांचा आहे, आणि आपण मात्र सणाच्या एका दिवसाला घाबरून बसतो.

आता कोणी घेऊ नये ते. ज्यांना पूर्वी कधी खाण्याचा त्रास झालाय, उपाशी राहणं, खाऊन अपराधी वाटणं, लपून खाणं, असं काही, त्यांनी हा काटा घरात आणू नये असं मला मनापासून वाटतं, त्यांनी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाशी बोलावं. मी स्वतः पण तिसऱ्या आठवड्यात टोमॅटो मोजायला लागलो होतो. टोमॅटो! 100 ग्रॅमला 20 कॅलरीसुद्धा नाहीत त्याला. मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी पण मोजा ना," तेव्हा जागा झालो. आता फक्त तेल, सुका मेवा, चीज, लोणी, साखर आणि कच्चं धान्य मोजतो. भाज्या, फळं, सूप सोडून दिलं. काटा महिन्यातून चारपाच दिवस बाहेर येतो, नजर पुन्हा ढिली पडलीय का ते बघायला. पडलेली असतेच, मागच्या रविवारी माझा "चमचा" परत 11 ग्रॅमवर गेला होता.

स्टार द्यायचे तर वस्तूला चार, एक कापला त्या दोन मिनिटांत बंद होण्यासाठी. विकणाऱ्याच्या सर्व्हिसला दोन. सणाच्या टेबलावरचा साथीदार म्हणून शून्य, तिथे नेऊच नका. बॅटरीचा झाकणाचा खटका कमकुवत आहे, जपून उघडा. प्लेट काचेची आहे त्यामुळे पुसायला सोपी, पण ओल्या हाताने बटण दाबलं की कधीकधी दोनदा दाबलं जातं आणि युनिट ग्रॅमवरून औंसवर जातं, मग सकाळी अर्धवट झोपेत 2 आकडा बघून माणूस जाम खूश होतो.

परवा मावशीचा फोन आला. केकसाठी मैदा आणि लोणी नीट मोजायला तिला काटा हवाय, तो फ्रिजवर ठेवलेला कुठला होता म्हणून विचारत होती. लिंक पाठवली, आणि मिली मोड तेलाला वापरू नकोस म्हणून खाली लिहिलं.